गांबियाच्या बारशात कुठं बसायचं

रिटायर झाल्यावर माणसं यात्रेला जातात, गावाकडं शेतीत लक्ष घालतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होऊन लोकांच्या शिव्या खातात. मी गांबियाच्या नादाला लागलो. आमच्या गल्लीत हे कळलं तेव्हा समोरच्या घरातले काका मला गंभीरपणे म्हणाले, "बीपी बघून घ्या एकदा." त्यांचा काही दोष नव्हता. गांबिया म्हणजे माणसाचं नाव आहे, गोळीचं आहे की गावाचं, हे मलाही आधी कुठं माहीत होतं?

तो एक देश आहे. पश्चिम आफ्रिकेत, समुद्राला लागून, एका नदीच्या दोन्ही अंगांनी लांबच लांब पसरलेला. नकाशावर बोट ठेवलं की सगळा देश बोटाखाली जातो. तो मला सापडला तो माझ्या मित्रामुळं. चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही दोघं मेंटेनन्सला. तो शहरातल्या छावणी भागातला, त्यामुळं बोली अर्धी मराठी, अर्धी दखनी. रिटायर झाल्यावर एका मशिनरीवाल्यानं त्याला तिकडं पाठवलं, शेंगदाण्याचं तेल काढायच्या मशिनी बसवायला. मशिनी बसल्या, चालू झाल्या, आणि हा गडी परत यायचं नाव घेईना. बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी परदेशात. मला फोनवर म्हणाला, "मियाँ, इथंच राहतो आता. लई स्वस्ताई आहे. आपल्या पेन्शनीत तिकडं जेमतेम निभतं, इथं उरतं."

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचे नटबोल्ट उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आमचा दुपारचा चहा म्हणजे तिकडची सकाळ. मी कपबशी घेऊन व्हिडिओ कॉल लावायचा आणि प्रश्न सुरू करायचे. वीज जाते का? "जाती." पाणी? "येतं, जातं. अपनेच यहाँ के जैसा समझ." आमच्या शहरात पाण्याचा वार असतो आणि त्या दिवशी घर सोडून कुणी लग्नालासुद्धा जात नाही, त्यामुळं या उत्तरानं मला उलट धीर आला. डॉक्टर? "छोट्या दुखण्याला आहे. मोठ्याला शेजारच्या देशात पळावं लागतं." डास? "हौ, मलेरिया आहे. मच्छरदाणी नाय लावली तर मेलास." मित्र माझा खरा बोलणारा. दलालाकडून घेतलेली माहिती असती तर मला एवढी चटक लागलीच नसती.

मग खाण्यापिण्याचं निघालं आणि मी चाटच पडलो. तिकडं बाजरी खातात. भाकरी थापत नाहीत, भरडून शिजवतात, पण बाजरीच. शेंगदाणा तर पोत्यानं. शेंगदाण्याचं कूट घालून घट्ट कालवण करतात आणि भातावर ओततात. भेंडी आहे, भोपळा आहे, आणि एक गोल गुबगुबीत मिरची आहे, दिसायला गरीब, खाल्ली की कानातून धूर. चहाची तर तऱ्हाच वेगळी. एवढ्याशा किटलीत तो उकळत ठेवायचा, वरून खाली ओतून फेस काढायचा, आणि एकाच पत्तीवर पुन्हा पुन्हा करत अर्धा दिवस घालवायचा. मी हे सगळं मोठ्या आवाजात स्वयंपाकघराच्या दिशेनं सांगत असे, कारण खरी अडचण तिथं उभी होती.

"बाजरी खायला समुद्र ओलांडायचा?" बायको आतून म्हणायची. "आमच्या पिशोरात काय दुष्काळ पडलाय बाजरीचा?"

ती पिशोर गावची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन शहरात आली तरी तिची भाषा तशीच राहिली, आणि ती तशी राहिली म्हणून मला बरं वाटतं. तिला वाटायचं हे माझं खूळ आहे, पंख्याला ग्रीस करण्यासारखं, चार दिवसांत उतरेल. पण ते खूळ नव्हतं. का नव्हतं, ते सरळ सांगतो.

आम्हाला मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, सगळं करून झालं आणि मग तो विषय आम्ही दोघांनी मिटवला. लोकांनी मात्र मिटवला नाही. अलीकडं माझा एक पुतण्या वरचेवर येतो. "काका, तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही आहोत ना," म्हणतो आणि म्हणताना हॉलची भिंत कुठून पाडता येईल ते बघत असतो. मी बायकोहून बराच मोठा. आधी मी जाणार, हा साधा हिशोब आहे. मला मरणाचं काही वाटत नाही, पण माझ्यामागं ही त्या पुतण्याच्या दारात ताटाची वाट बघत बसेल, या विचारानं माझा जीव जातो. तिकडं कमी पैशात घर मिळतं, हाताखाली माणूस मिळतो, मित्र पाठच्या भावासारखा शेजारी आहे. आणि मुख्य म्हणजे तिथं आमचा इतिहास कुणाला माहीत नाही.

हे सगळं मी एकदा तिला समोर बसवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. लसूण सोलत होती, ते थांबवलं नाही.

"तुमचं पटतंय," ती म्हणाली. "पण तुम्ही वीज इचारली, पाणी इचारलं, मिरचीसुदिक इचारली. माझं एक इचारा. तिथल्या बारशात माझ्यासारखीला कुठं बसवतील?"

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. पिशोरला तिच्या भावाच्या घरी चार बारशी झाली. सख्खी आत्या ही. नाव ठेवायचा मान आत्याचा. पण दर वेळी कुणीतरी चुलत आत्या पुढं यायची, आणि हिला कुणीतरी प्रेमानं म्हणायचं, "तू जरा आत भाताकडं बघ." वांझ बाईचा हात पाळण्याला लागू नये, हे तोंडावर कुणी बोललं नाही. तिला भाताकडं पाठवलं, एवढंच. चारी बारशांचा भात हिनं उतरवला.

"तेवढं इचारा," ती म्हणाली. "चांगलं उत्तर आलं तर मी उद्या निघते. नायतर इथंच बरी. इथल्या बायका निदान माझ्या वळखीच्या हायेत."

मी विचारलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज डासांवरच बोलून फोन ठेवायचो. मित्राला असलं विचारायचं कसं, आणि उत्तर वाईट आलं तर हिला सांगायचं कसं? मशीन उघडायला मी घाबरलो नाही कधी, पण या प्रश्नाला हात लावायची हिंमत होईना.

दरम्यान मित्राची घरमालकीण फोनमध्ये डोकवायला लागली. ठसठशीत, विधवा, डोक्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, आवाज असा की अंगणातल्या कोंबड्या बाजूला व्हाव्यात. माझ्यात तिला काही रस नव्हता. तिला स्वयंपाकघरातली बाई बघायची होती. मग मित्र मध्ये बसून इकडचं बोलणं तिकडच्या भाषेत सांगायला लागला आणि दोघींचं जमलं. ही वाळवलेली भेंडी दाखवायची, तीही भेंडीची पूड दाखवायची. हिनं जातं दाखवलं, तिनं उखळ. ही आधी फोन वाजला की "ते आलं" म्हणायची, आता "ती आली" म्हणायला लागली. "ती आज उठली नसंल अजून," असं घड्याळाकडं बघत म्हणायची. मी गालात हसायचो, म्हटलं गाडी रुळावर येतेय.

एक दिवस घरमालकिणीनं विचारलंच, मुलं किती? मी कपबशी खाली ठेवली. बायकोनं सरळ मान हलवली, "नाय." मित्रानं घसा साफ करून ते तिकडं सांगितलं. घरमालकीण फक्त "हं" म्हणाली आणि चुलीवरचं ढवळायला लागली. बायको मला नंतर म्हणाली, "बघा, बोलणं बंद झालं का नाय?" पण दुसऱ्या दिवशी फोन तिकडूनच आला.

पुढं घरमालकिणीच्या लेकीचे दिवस भरत आले. मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो, त्या दुपारी दोघींचं काहीतरी ठरलं. घरी आलो तर बायको पाटावर बसून होती, हातात पदर, चेहरा वेगळाच. म्हणाली, "मुलगी झाली तर तिला माझं नाव ठेवणार म्हणती ती." तिकडची रीतच आहे म्हणे. जिवंत माणसाचं नाव मुलाला द्यायचं, आणि मग ते मूल आणि ते माणूस जन्मभराचे बांधले जातात. मुलानं त्याच्याकडं हक्कानं जायचं, त्यानं मुलाचं बघायचं. आपल्याकडं जिवंत माणसाचं नाव घरातल्या मुलाला ठेवलं तर म्हातारी माणसं अंगावर येतील. मला इतका आनंद झाला की मी तिला विचारलंसुद्धा नाही, पुढं काय बोलणं झालं म्हणून.

मुलगी झाली. आठवडाभरानं बारसं. मित्रानं फोन अंगणात उंच धरला. काय गर्दी होती! रंगीबेरंगी कपडे, मोठमोठी पातेली, एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं बाळ. पुढं दोन-चार बायका बाप्यांच्या फाटक्या पँटी घालून, गळ्यात डबेचमचे लटकवून असल्या भन्नाट नाचत होत्या की मला वाटलं तमाशाच्या फडातले सोंगाडे बोलावलेत. मग इमाम पुढं आला. बाळाच्या डोक्याची बट भादरली, कानात नाव सांगितलं. नंतर ते नाव एका माणसानं मोठ्यानं पुकारलं आणि सगळं अंगण तेच नाव ओरडायला लागलं.

ते माझ्या बायकोचं नाव नव्हतं. ते माझ्या मेव्हण्याच्या बायकोचं नाव होतं. पिशोरच्या, चार लेकरांच्या आईचं.

मला आधी वाटलं दोन फोन एकमेकांत मिसळले. बायकोकडं बघितलं तर ती तिथं नव्हती, न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडून उभी होती. त्या दिवशी पाण्याचा वारही नव्हता. नळ कोरडा, बादली कोरडी, आणि ही त्यात बघत उभी.

"त्यांनी नाव इचारलं," ती म्हणाली. "तुमच्या मित्रानं मला जन्मभर भाभीच म्हटलंय, त्यालाबी माझं नाव कुठं ठावं? मी वहिनीचं सांगितलं. तिला चार हायती, चारी धडधाकट. माझं नाव त्या लेकराला लावून माझं नशीब तिच्या कपाळी लिहू का?"

मी चिडलो. खोटं सांगू नये, मी भयंकर चिडलो. शहाणी बाई, घरात वर्तमानपत्र येतं, आणि परक्या देशात जाऊन, तेसुद्धा न जाता, हा घोळ घालते! "अगं, तुला तिथं पहिल्यांदा कुणी मान दिला आणि तू तो नेऊन वहिनीच्या पदरात टाकलास," असं मी ओरडलो. ती म्हणाली, "लेकरू तर बरं राहील ना?" राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

पुढचे दिवस चमत्कारिक होते. रोज दुपारी फोन यायचा, घरमालकीण बाळ पुढं धरायची आणि माझ्या बायकोला मेव्हण्याच्या बायकोच्या नावानं हाक मारायची. ही "ओ" द्यायची. बाळाच्या मुठी बघायची, जावळ बघायची, "सर्दी झालीय का गं तिला?" म्हणून विचारायची. फोन बंद झाला की गप्प. आता गांबियाला जायचं म्हणजे उरलेला जन्म वहिनीच्या नावानं काढायचा, आणि न जायचं म्हणजे ते बाळ फोनमध्येच राहणार. मी म्हटलं, राहू दे, कुणाला कळतंय? ती म्हणाली, "मला कळतंय." आणि एका दुपारी तिनंच फोन लावायला सांगितला. पदर खोचून, ताठ बसून, मित्राला म्हणाली, "भाऊ, मी बोलते तसंच्या तसं सांगा. गोड करू नका."

तिनं सगळं सांगितलं. नाव माझं नव्हतं. माझं का दिलं नाही. आमच्याकडं माझ्यासारखीला कुठं पाठवतात. मित्रानं सगळं पोचवलं.

घरमालकिणीचा चेहरा आवळत गेला. ती म्हणाली, "मी तुला नात दिली आणि तू मला परक्या बाईचं नाव दिलंस." आणि उठून गेली. फोनमध्ये नुसती भिंत आणि एक कोंबडी राहिली. मला वाटलं, संपलं. मी फोन घ्यायला हात पुढं केला तर बायकोनं माझा हात बाजूला सारला. ती कोंबडीकडं बघत बसून राहिली.

मग आतून कुणीतरी हसायला लागलं. साधं हसणं नव्हे, पोट धरून हसणं. एक जाडजूड म्हातारी फोनसमोर येऊन बसली. मी तिला ओळखलं, बारशात फाटकी पँट घालून नाचणाऱ्यांत ही सगळ्यात पुढं होती. घरमालकिणीची थोरली बहीण. मित्र थोडा अवघडला, मग म्हणाला, "भाभी, हिला मूलबाळ नाय. इथं अशा बायकांचा जथा असतो. बारसं असलं की बोलावणं आधी यांना. पुढं यांनी नाचायचं, वाटेल ती सोंगं घ्यायची, इमामाचीसुद्धा टर उडवायची. कोई गुस्सा नहीं करता. हसवतात, मग लोक यांच्यापुढंच हात जोडून दुआ मागतात."

म्हातारी हसू पुसत बोलत होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या मुलाला त्या 'कचरा' नाहीतर असंच काही नाव ठेवतात, म्हणजे मरण नाक मुरडून पुढं जातं. नाव बदलून नशिबाला चकवायचं, हे तर आमचंच काम, ती म्हणाली. या बाईला कुणी शिकवलं?

"आमच्याकडंबी ठेवतात," बायको एकदम म्हणाली. "दगडू, धोंडू. उकिरड्यासुदिक." मित्रानं उकिरड्याचा अर्थ सांगितला तेव्हा म्हातारीनं मांडीवर थाप मारली.

मग बायकोनं विचारलं, मी इतके महिने गिळलेला प्रश्न, पण तिच्या पद्धतीनं. "तुला वाईट नाय वाटत?"

मित्र माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, विचार.

म्हातारीचं हसू थांबलं. "वाटतं," ती म्हणाली. "नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा वाटलं. अजून घरी गेल्यावर वाटतं. पण बारशात मी मागं बसत नाही." मग तिनं विचारलं, "तुझं खरं नाव काय?"

बायकोनं नाव सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते तिच्या तोंडून असं मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं. तिकडं ते वाकडंतिकडं उच्चारलं गेलं, हिनं दुरुस्त केलं, म्हातारीनं परत म्हटलं, आणि मग घराकडं तोंड करून अंगण दणाणेल असं ओरडली. आतून घरमालकिणीचं काहीतरी तिखट उत्तर आलं. बायकोनं विचारलं, काय म्हणाली? मित्र म्हणाला, "भाभी, वो गाली है, रहने दो."

पण थोड्या वेळानं घरमालकीण बाहेर आली. कडेवर झोपलेलं बाळ. बसली नाही, उभ्यानंच फैसला दिला. कानात गेलेलं नाव परत निघत नाही, ते राहील. मुलगी मात्र जिला दिली तिचीच. ती कळती झाली की विचारेल, माझं नाव कुणाचं? तेव्हा हिनं तिला समोर बसवून सांगायचं, कुणाचं आणि का. ते मी सांगणार नाही, फोनवर चालणार नाही. इथं येऊन सांगायचं.

बायकोनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. बाळाला उठवू नका म्हणाली आणि फोन बंद केला.

मी विचारलं, "मग? जायचं ना गांबियाला?"

"मी जाणार," ती म्हणाली. "मला बोलावलंय. तुम्हाला कुणी बोलावलंय का?"

मी आठवून पाहिलं. वीज, पाणी, डॉक्टर, डास, मिरची, सगळी चौकशी मीच केली होती. पण ये म्हणून मला कुणी म्हटलेलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"मग इचारून घ्या," ती म्हणाली.

मी मित्राला परत फोन लावला.